उन्हाळा आणि शरीराच्या संस्थांची एकजूट

शाळेच्या पुस्तकांत शरीराचें वर्णन प्रकरणवार दिलेलें असतें. एका प्रकरणांत पचनसंस्था, दुसऱ्यांत श्वसनसंस्था, तिसऱ्यांत रुधिराभिसरण, आणि पुढें मज्जासंस्था, स्नायु व उत्सर्जनसंस्था. शिकविण्याच्या सोयीसाठीं ही वांटणी योग्यच आहे. परंतु तिच्यामुळें मुलांच्या मनांत अशी समजूत राहून जाते कीं, बाजारांतील निरनिराळ्या दुकानदारांप्रमाणें ह्या संस्था आपापला धंदा आपापल्या जागीं करीत असतात, आणि एकीचा दुसरीशीं फारसा संबंध नसतो. खरी गोष्ट ह्याच्या अगदीं उलट आहे. जिवंत शरीरांत एकही संस्था क्षणभरसुद्धां एकटी काम करीत नाहीं. ही गोष्ट नीट समजली तर परीक्षेंत गुण मिळतील हें खरें. पण तिचा याहून मोठा उपयोग असा कीं, चैत्र-वैशाखांत ह्या ज्ञानानें एखाद्याचा प्राण वांचूं शकतो. म्हणून ह्या पाठासाठीं आम्ही ऊन हाच विषय घेतला आहे.

ठाणें जिल्ह्यांतील वाचकांस ऊन म्हणजे काय हें सांगावयास नको. मुंबईस दुपारीं समुद्रावरून वारा येतो. तो आंत येतां येतां क्षीण होतो. म्हणून कल्याण, डोंबिवली, बदलापूर आणि त्यांपलीकडे मुरबाड व शहापूर ह्या बाजूस एप्रिल-मे महिन्यांत उष्मा मुंबईपेक्षां अधिक असतो. आणि समुद्र व खाडी फार दूर नसल्यामुळें हवेंत दमटपणाही असतो. अशा हवेंत वीटभट्टीवर कुटुंबेंच्या कुटुंबें राबत असतात, भिवंडीस पत्र्याच्या छपराखालीं यंत्रमाग चालू असतात, आणि लग्नें, जत्रा व सभा ह्याच दिवसांत भरतात. तेव्हां शरीर ह्या उन्हाशीं कसें झुंजतें, हें प्रत्येक घरांत ठाऊक असणें अगत्याचें आहे.

१. पुलाच्या पायऱ्या

कसाऱ्याच्या बाजूनें लोकलगाडींतून करवंदांची पाटी घेऊन कल्याणच्या बाजारास येणारी एखादी बाई डोळ्यांपुढें आणावी. वैशाखाचा महिना, दुपारची वेळ. गाडींतून उतरून, पाटी डोकीवर ठेवून, ती स्टेशनचा पूल चढूं लागते. काम नित्याचें आहे. पण तेवढ्या अवधींत तिच्या शरीरांत किती संस्था कामास लागतात तें पाहूं.

पाय उचलण्याचा हुकूम मेंदूकडून निघतो आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंतून मांडीच्या स्नायूंकडे जातो. स्नायु आंखडतात आणि हाडें तरफेप्रमाणें उचललीं जातात. पाटी ढळूं नये म्हणून डोळे, कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय, आणि मान, कंबर व घोटे ह्यांच्या सांध्यांतील मज्जातंतु मेंदूस क्षणोक्षणीं बातमी देत असतात; आणि त्या बातमीवरून मेंदू एका स्नायूस सैल व दुसऱ्यास ताठ करीत असतो. तिला ह्यांतलें कांहींच जाणवत नाहीं. तिचें लक्ष गर्दीकडे असतें.

स्नायूंस काम करावयास इंधन पाहिजे. सकाळीं खाल्लेल्या भाकरीपासून किंवा पेजेपासून पचनसंस्थेनें साखर केली. तिचा कांहीं भाग यकृतानें व स्नायूंनीं सांठवून ठेविला. तोच आतां उपयोगी पडतो. परंतु इंधन नुसतें असून भागत नाहीं. तें जाळण्यास प्राणवायु लागतो. तो फुप्फुसांनीं हवेंतून घ्यावयाचा, रक्तानें वाहून न्यावयाचा, आणि रक्त हृदयानें ढकलावयाचें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मांडीच्या स्नायूंस हुकूम सोडतांनाच मेंदू हृदयास व श्वासाच्या स्नायूंस इशारा देऊन ठेवितो. प्राणवायु कमी पडल्यावर मग धांवपळ करावी, असें तो करीत नाहीं. म्हणून पहिल्या कांहीं पायऱ्यांतच श्वास वाढतो व छाती धडधडूं लागते. विश्रांतीच्या वेळीं हृदय मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त ढकलतें. जड कामाच्या वेळीं तेंच हृदय मिनिटास १५ ते २० लिटर रक्त ढकलूं शकतें.

एवढ्यावर काम संपत नाहीं. स्नायु जें इंधन जाळतात, त्याचा फार तर एक चतुर्थांश भाग प्रत्यक्ष कामीं येतो. बाकीच्या तीन भागांची उष्णता होते. म्हणजे पूल चढणारी बाई बाहेरून उन्हानें तापते आणि आंतून स्वतःच्या श्रमानें तापते. जो मनुष्य उन्हांत बसला आहे त्याच्यापेक्षां जो उन्हांत राबत आहे त्याला धोका अधिक, ह्याचें कारण हेंच.

२. पांच लिटर रक्ताची वांटणी

शरीराच्या अंतर्भागाचें तपमान ३७ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असावें लागतें. मेंदू, हृदय, यकृत ह्यांचीं सर्व कामें त्याच तपमानास नीट चालतात. तें ४० अंशांच्या वर चढूं लागलें म्हणजे पेशींस इजा पोहोंचूं लागते. म्हणून मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग रात्रंदिवस पहारा करीत असतो. त्याच्याजवळून जाणारें रक्त किती तापलें आहे हें तो स्वतः जाणतो, आणि त्वचेंतील मज्जातंतूंकडूनही त्याला बातमी येते. रक्त तापूं लागलें कीं तो दोन हुकूम सोडतो. पहिला त्वचेंतील रक्तवाहिन्यांस, कीं रुंद व्हा. दुसरा घर्मग्रंथींस, कीं पाझरा.

पहिल्या हुकुमाचा परिणाम आपण रोज पाहतों. उन्हांत तोंड लाल होतें व हाताच्या शिरा फुगतात. आंतलें तापलेलें रक्त त्वचेपाशीं येऊन आपली उष्णता बाहेर टाकूं पाहतें. एरव्हीं त्वचेकडे मिनिटास अर्ध्या लिटरहूनही कमी रक्त जातें. कडक उष्म्यांत तें ६ लिटरांच्या वर जाऊं शकतें.

परंतु प्रौढ माणसाच्या अंगांत रक्त तें किती? सुमारें ५ लिटर. त्यांतूनच स्नायूंस द्यावयाचें, त्वचेस द्यावयाचें, आणि मेंदूचा वांटा तर कधींच कमी करावयाचा नाहीं. ज्या गांवीं पाटाचें पाणी आहे तेथील शेतकऱ्यांस हा पेंच लगेच समजेल. पाट एक आणि शेतें पुष्कळ; एका शेताला पाणी अधिक सोडावयाचें तर दुसऱ्याची पाळी मागें ठेवावी लागते. शरीरही तेंच करितें. तें आंतडीं व मूत्रपिंडें ह्यांजकडे जाणारें रक्त कमी करितें आणि तें त्वचेस व स्नायूंस देतें. म्हणूनच उन्हांत राबणाऱ्यास भूक लागत नाहीं, भरपेट जेवून उन्हांत गेल्यास मळमळतें, आणि लघवी थोडी होते. हीं लक्षणें तीन ठिकाणचीं दिसलीं तरी तीं तीन निरनिराळे रोग नव्हेत. एकाच पाटाच्या पाळी बदलल्या आहेत.

एवढें करूनही हृदयास अधिक वेगानें धांवावें लागतें. पूर्वीं ज्याचें हृदय दुबळें झालें आहे अशा मनुष्यास उन्हाळ्यांत अधिक त्रास कां होतो, हें आतां सांगावयास नको.

३. घामाचें काम

आपल्या त्वचेंत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. मज्जातंतूंचा हुकूम मिळतांच त्या रक्तांतील पाणी व थोडें मीठ घेऊन घाम बाहेर टाकितात. पण घाम नुसता आल्यानें शरीर गार होत नाहीं. तो वाळला पाहिजे. माठांतील पाणी ज्या कारणानें गार राहतें तेंच कारण येथें आहे. माठ पाझरतो, पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें, आणि जातांना माठाची उष्णता घेऊन जातें. माठाला बाहेरून तेल चोपडलें तर तो पाझरणार नाहीं व पाणी गार होणार नाहीं.

एक लिटर घाम वाळला तर तो किती उष्णता नेतो ह्याचा हिशेब करितां येतो. साध्या गार पाण्याचे आठ लिटर चुलीवर ठेवून उकळीपर्यंत आणावयास जेवढी उष्णता लागेल, साधारण तेवढी. कडक उन्हांत जड काम करणाऱ्यास तासाला एक लिटर घाम सहज येतो. एवढें मोठें काम ज्या साधनानें होतें, त्याला आपण मळ समजून तुच्छ मानतों.

आतां पाहा, घाम हें त्वचेचें काम खरें. पण त्याचें पाणी रक्ताचें, हुकूम मज्जासंस्थेचा, पाण्याची भरती आंतड्यांतून, आणि पाण्याची राखण मूत्रपिंडांकडे. ह्यांतील एकही मागें सरला तर त्वचा कोरडी पडेल.

४. पाण्याचा हिशेब

दोन मूत्रपिंडें मिळून दिवसांत सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळून काढितात, आणि त्यांतील बहुतेक सर्व पुनः रक्तांत परत घेतात. सुमारें दीड लिटर तेवढा लघवीवाटे बाहेर जातो. घामानें पाणी कमी झालें म्हणजे रक्त दाट होऊं लागतें. ही गोष्ट मेंदूच्या लक्षांत येते. तो दोन उपाय एकदम करितो. मनुष्यास तहान लावितो. आणि मेंदूच्या खालीं लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या पिट्युइटरी ग्रंथींतून एक रस रक्तांत सोडितो. हा रस मूत्रपिंडांपाशीं पोहोंचला कीं तीं पाणी अधिक राखून ठेवितात, आणि लघवी थोडी व गडद पिवळी होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दुसऱ्या ग्रंथी आणखी एक रस सोडितात. त्याच्या योगानें मूत्रपिंडें मीठ राखतात, आणि घर्मग्रंथीही घामांतून मीठ कमी जाऊं देतात. म्हणजे मज्जातंतु हे जसे निरोप पोहोंचविणारे, तसे हे ग्रंथींचे रसही निरोप पोहोंचविणारेच. पहिले धांवत जातात, दुसरे रक्ताच्या प्रवाहाबरोबर जातात.

येथें दारू व ताडी ह्यांविषयीं दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. उन्हांत काम करून आल्यावर दारू प्याल्यानें थकवा जातो असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति अशी कीं, दारूमुळें पिट्युइटरी ग्रंथीचा तो पाणी राखणारा रस कमी होतो. मूत्रपिंडांस निरोपच न मिळाल्यामुळें तीं पाणी सोडून देतात. ज्या वेळीं शरीराला थेंब थेंब हवा असतो, त्याच वेळीं हें घडतें. मनुष्यास वाटतें मीं पाणी घेतलें. खरें पाहतां त्यानें तें गमावलेलें असतें.

फ्रान्स देशांतील क्लॉद बर्नार ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत असें दाखवून दिलें कीं, बाहेरचें जग कितीही बदललें तरी शरीराच्या आंतील द्रवाची स्थिति स्थिर राखण्यासाठीं सर्व अवयव झटत असतात. पुढें अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन ह्यांनीं १९२६ सालीं ह्या गुणाला होमिओस्टॅसिस असें नांव दिलें. मराठींत त्यास समस्थिति म्हणतां येईल. ही स्थिरता दगडाची नव्हे. डोकीवर पाटी घेऊन चालणाऱ्या बाईच्या तोलासारखी ती आहे. प्रत्येक क्षणीं कांहींतरी सांवरल्यामुळेंच ती टिकते.

५. कोरडी उष्णता व दमट उष्णता

अठराव्या शतकांत लंडन येथें डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डन ह्यांनीं आपल्या मित्रांसह एक धाडसाचा प्रयोग केला. एका खोलींतील हवा त्यांनीं एवढी तापविली कीं, पाणी ज्या तपमानास उकळतें त्याच्याही वर ती गेली. त्या खोलींत ते कांहीं मिनिटें उभे राहिले. तेथें ठेविलेलीं अंडीं शिजून कठीण झालीं. परंतु आंत उभ्या असलेल्या माणसांचें तपमान जवळ जवळ होतें तेवढेंच राहिलें. त्याच खोलींत एका भांड्यांत पाणी ठेविलें होतें, तेंही उकळलें नाहीं. मात्र पाण्यावर थोडें तेल घालतांच तें उकळूं लागलें. कारण उघड आहे. तेलाच्या पडद्यामुळें वाफ होऊन जाण्याची वाट बंद झाली.

ह्या प्रयोगावरून कोणी म्हणेल कीं, मग आमच्याकडील ३८ किंवा ४० अंशांचें भय तें काय? परंतु ती हवा कोरडी होती, आणि ते गृहस्थ थोडींच मिनिटें आंत होते. कोरडी हवा घामाचें पाणी लगेच पिऊन टाकते. आमच्या कोंकणपट्टींतली हवा आधींच पाण्यानें भरलेली असते. तिला आणखी पाणी घेववत नाहीं. घाम निथळतो, पाठीवरून ओघळतो, सदरा भिजून चिंब होतो, पण वाळत नाहीं. जो घाम ओघळून जमिनीवर पडला त्यानें पाणी व मीठ तर नेलें, पण उष्णता फारशी नेली नाहीं. ब्लॅग्डन ह्यांच्या भांड्यावर जें काम तेलानें केलें, तेंच आपल्या अंगावर दमट हवा करिते. म्हणून तपमानाचा आंकडा ऐकून निश्चिंत राहूं नये. वारा पडला आहे काय, घाम वाळतो आहे काय, हेंही पाहावें.

६. एकजूट मोडते तेव्हां

ता. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईजवळ खारघर येथें महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा समारंभ उघड्या मैदानावर झाला. लाखों लोक जमले होते व कित्येक तास उन्हांत बसले होते. त्या दिवशीं तपमान ३८ अंशांच्या आसपास होतें. म्हणजे आमच्याकडील उन्हाळ्यांत अपूर्व असें कांहीं नव्हतें. तरी त्या उन्हाच्या बाधेनें १४ माणसें मृत्यु पावलीं. ज्या कोंकणपट्टींत ही दुःखद गोष्ट घडली त्याच पट्टींत आपण राहतों. म्हणून तिचा अभ्यास आपणांस टाळतां येत नाहीं.

अशा प्रसंगीं शरीरांत काय होतें तें क्रमानें सांगतों. प्रथम घामानें पाणी व मीठ जातें, आणि तें भरून न आल्यास रक्ताचें प्रमाण घटतें. त्वचेकडे रक्त अधिक हवें आणि मुळांत रक्तच कमी, म्हणून हृदय फार जलद धांवूं लागतें. डोकें दुखतें, पायांत गोळे येतात, घेरी येते, मळमळतें. ही पहिली पायरी. येथें सांवली, पाणी व मीठ मिळालें तर मनुष्य बहुधा सांवरतो.

येथें न थांबल्यास दुसरी पायरी येते. अंतर्भागाचें तपमान ४० अंशांच्या वर चढतें. मेंदू स्वतःच तापल्यामुळें त्याचे हुकूम चुकूं लागतात. मनुष्य असंबद्ध बोलतो, भांडतो, झोंकांड्या खातो, किंवा बेशुद्ध पडतो. पुष्कळदां अशा मनुष्यास लोक दारू प्यालेला समजतात, आणि मोलाची घटका वायां जाते. इकडे आंतड्यांचें रक्त बराच वेळ तोडल्यामुळें त्यांचें अस्तर दुबळें होतें, आणि तेथें राहणाऱ्या जंतूंचें विष रक्तांत झिरपूं लागतें. तें यकृतास पेलवत नाहीं. रक्त ठिकठिकाणीं गोठूं लागतें, मूत्रपिंडें बंद पडतात. ह्यास उष्माघात म्हणतात. ज्या साह्यानें शरीर इतका वेळ टिकलें होतें, तें साह्य देतां देतांच एकेक संस्था थकून पडते, आणि तिच्या पडण्यानें दुसरी पडते. एकमेकांस हात देऊन उभे राहिलेले लोक पुरांत एकामागून एक वाहून जावे, तसें हें होय.

७. ताप व उष्माघात ह्यांतील भेद

दोहोंत अंग तापतें, म्हणून पुष्कळ लोक दोहोंस एकच औषध देतात. ही चूक प्राणघातक आहे. हिंवतापासारख्या रोगांत हायपोथॅलॅमस स्वतःच तपमानाची मर्यादा वर चढवितो. म्हणूनच रोग्यास थंडी वाजते व तो गोधडी मागतो. पॅरासिटामॉलची गोळी त्या चढविलेल्या मर्यादेस खालीं आणते, आणि ताप उतरतो. उष्माघातांत मर्यादा मुळीं चढलेलीच नसते; पहारेकरी हांका मारीत असतो, पण उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद झालेली असते. तेथें गोळीचा कांहीं उपयोग नाहीं. तेथें एकच औषध, तें म्हणजे शरीर बाहेरून त्वरित गार करणें.

८. काय करावें

उन्हानें एखादा मनुष्य बेशुद्ध झाला, किंवा भलतेंच बोलूं लागला, तर त्यास ताबडतोब सांवलींत न्यावें. अंगावरील कपडे सैल करावे किंवा काढावे. सर्वांगावर पाणी ओतावें आणि पंख्यानें, सुपानें किंवा पदरानें जोरानें वारा घालावा. वाऱ्यानें पाणी उडतें व उष्णता घेऊन जातें, हें वर सांगितलेंच आहे. बर्फ किंवा गार पाण्याच्या घड्या मान, काखा व जांघा ह्या ठिकाणीं ठेवाव्या, कारण तेथें मोठ्या रक्तवाहिन्या त्वचेच्या जवळ असतात. एकानें हें करावें व त्याच वेळीं दुसऱ्यानें १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गाडी येईपर्यंत गार करणें थांबवूं नये. मनुष्य पूर्ण शुद्धीवर नसल्यास त्याच्या तोंडांत पाणी मुळींच घालूं नये. तें श्वासनलिकेंत जाईल. त्यास कुशीवर निजवावें. कांदा हुंगविणें किंवा कांद्याचा रस तळव्यांस चोळणें ह्यांत वेळ घालवूं नये. अंग घामानें ओलें आहे म्हणून उष्माघात नव्हे, असेंही समजूं नये. राबणाऱ्या माणसास घाम येत असतांनाही तो होतो.

परंतु ही पाळी येऊंच न देणें हें सर्वांत उत्तम. त्याचे नियम सोपे आहेत, आणि प्रत्येकाचें कारण ह्या पाठांत आलें आहे.

जड काम सकाळीं व सायंकाळीं करावें; दुपारीं विसांवा घ्यावा. भट्टीवरील मुकादमांनीं व सभा-समारंभ भरविणाऱ्यांनीं हें विशेषेंकरून ध्यानांत धरावें. मांडव घालणें व पाण्याचे माठ भरून ठेवणें हा समारंभाचा शेवटचा खर्च नसून पहिला आहे.

तहानेची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी पीत जावें. म्हाताऱ्या माणसांस तहान कमी कळते. लहान लेंकरांस ती सांगतां येत नाहीं. त्यांस आपण होऊन पाणी द्यावें. लघवीचा रंग पाहावा. तो गडद असल्यास पाणी कमी पडत आहे असें समजावें. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारीं औषधें जे घेतात त्यांनीं उन्हाळ्यांत डॉक्टरांस विचारून चालावें. स्वतःच्या मनानें औषध बंद करूं नये.

फार घाम गेल्यावर नुसतें पाणी पुरत नाहीं; मीठही पाहिजे. मीठ घातलेली पेज, ताक, पन्हें, कोकमाचें सरबत हीं आपल्याकडचीं जुनीं पेयें ह्या कामीं उत्तम आहेत. त्याहून अधिक गरज वाटल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें द्यावें. चमचा चहाचा घ्यावा. येथें साखर गोडीसाठीं नाहीं. आंतड्याच्या अस्तरांत अशी व्यवस्था आहे कीं, साखर व मीठ एकमेकांचा हात धरून आंत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातें. १९७१ सालीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली असतां डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनीं हेंच मीठ-साखरेचें पाणी पाजून मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तीसच्या सुमारास होतें तें चारच्याही खालीं आणिलें. पटकी व ऊन हीं भिन्न संकटें खरीं. पण शरीरांत पाणी शिरण्याचें दार तेंच आहे.

शेवटीं, जो मनुष्य उन्हाची संवय नसतां एकदम कामास लागतो त्यास धोका फार. रोज थोडा थोडा वेळ उन्हांत काम केल्यास एक-दोन आठवड्यांत शरीर तयार होतें. रक्तांतील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुरू होतो, आणि त्यांतून मीठ कमी जातें. म्हणून भट्टीवर किंवा शेतावर नवीन आलेल्या गड्याकडून पहिल्या दिवशींच पुरें काम घेऊं नये.

ह्या पाठांतील मुख्य गोष्ट एका वाक्यांत सांगतां येईल. शरीर उन्हांत टिकतें तें कोणा एका बलवान अवयवाच्या जोरावर नव्हे, तर जो अवयव थोडा वेळ थांबूं शकतो तो थांबून दुसऱ्यास वांटा देतो म्हणून. आंतडीं आपलें रक्त देतात, मूत्रपिंडें आपलें पाणी राखतात, हृदय अधिक श्रम घेतें, आणि त्यांच्या बळावर मेंदू शुद्धीवर राहतो. मात्र ही उसनवारी आहे, आणि ती वेळेवर फेडावी लागते. सांवली, पाणी, मीठ व विसांवा हींच ती फेड.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पूल चढणाऱ्या बाईच्या शरीरांत कोणकोणत्या संस्था कामास लागतात? प्रत्येकीचें काम एका वाक्यांत सांगा.

२. उन्हांत राबणाऱ्यास भूक कां लागत नाहीं व लघवी थोडी कां होते?

३. घाम ओघळणें व घाम वाळणें ह्यांत फरक काय? माठाचें उदाहरण घेऊन समजावून द्या.

४. दारू प्याल्यानें शरीरांतील पाणी कां कमी होतें?

५. हिंवतापांत गोळीचा उपयोग होतो, उष्माघातांत होत नाहीं, ह्याचें कारण सांगा.

६. तुमच्या गांवीं उन्हाळ्यांत भरणाऱ्या एखाद्या सभेसाठीं किंवा लग्नासाठीं सांवलीची व पाण्याची व्यवस्था कशी करावी, हें घरच्या वडील माणसांशीं बोलून लिहून काढा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस आठवा भाग वाचून दाखवा.